संस्थेला दुकान काढायला सांगण्याआधी

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाकडे मदत मागताना भरायच्या अर्जात एक प्रश्न हमखास असतो: आमची मदत थांबल्यावर हा प्रकल्प कसा चालणार? प्रश्न रास्त आहे. पण विचारणारा स्वतः एक, फार तर तीन वर्षे पैसे देणार असतो आणि उत्तर मात्र त्याला कायमचे हवे असते. मग कार्यकर्ते रात्री बसून काहीतरी रचतात. बचतगटाच्या बायका मसाले करतील, विशेष मुले कागदी पिशव्या करतील, आदिवासी पाड्यावरचा तांदूळ सुबक पाकिटात बसून पुण्या-मुंबईला जाईल आणि चौथ्या वर्षापासून संस्था आपल्या पायावर उभी राहील. लिहिणाऱ्याला हे खरे वाटत नसते आणि वाचणाऱ्यालाही नसते. रकाना मात्र भरतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत या प्रश्नाला धार आली आहे. २०१४ पासून ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले आणि देणगीबरोबर कंपनीची भाषाही संस्थांच्या कचेरीत आली. दुसऱ्या बाजूने परदेशी देणग्यांची वाट अरुंद झाली. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने अशा निधीतून प्रशासकीय खर्च करायची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेकडे हा पैसा वळवण्यावर बंदी घातली. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या अनेक संस्थांचा आधार त्यामुळे गेला. अशा वेळी ‘सामाजिक उद्योग काढा’, म्हणजे काहीतरी विकून कामाचा खर्च भागवा, हा सल्ला चहूकडून येतो. सल्ला देणाऱ्याचे त्यात काहीच जात नाही.

मी सामाजिक उद्योगाच्या विरोधात नाही. मला म्हणायचे आहे ते इतकेच, की उद्योग संस्थेच्या मूळ कामातूनच निघाला असेल तर तो तगतो. पगार भागवण्यासाठी शेजारी थाटलेले दुकान बहुतेक वेळा मूळ कामालाच खाते. काही कामे तर अशी असतात की त्यांना कधीच गिऱ्हाईक मिळणार नाही.

दिवाळीच्या स्टॉलचेच घ्या. समजा, मतिमंद मुलांसाठीच्या एका कार्यशाळेने रंगवलेल्या पणत्यांची पाच हजार पाकिटे केली आणि साठ रुपयांनी सगळी विकली. गल्ल्यात तीन लाख आले. कच्चा माल, खोकी, टेम्पो, स्टॉलचे भाडे, फुटलेल्या पणत्या यांचे पावणेदोन-दोन लाख वजा करा. हाती लाख-सव्वालाख उरतात. महिना वीस हजारांवर काम करणाऱ्या एका विशेष शिक्षिकेचा वर्षाचा पगार होतो दोन लाख चाळीस हजार. म्हणजे सगळी दिवाळी दणक्यात गेली तरी एका बाईंचा अर्धा पगार निघाला. शिवाय भाद्रपदापासून त्या आणि त्यांच्या सहकारी शिकवणे बाजूला ठेवून पाकिटांना चिकटपट्ट्या लावत होत्या, त्या वेळेची किंमत या हिशेबात नाहीच. घेणाराही पणतीसाठी थांबलेला नसतो, मुलांकडे बघून थांबलेला असतो. तो पुढच्या महिन्यात परत येत नाही. त्या मुलांना हातात चार पैसे मिळतात, आईबापांना आपला मुलगा काहीतरी करतो हे दिसते, हे मोलाचे आहेच. पण मग त्याला प्रशिक्षणाचा खर्च म्हणावे आणि त्यासाठी उजळ माथ्याने देणगी मागावी. त्याला उत्पन्नाचे साधन म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

याच्या उलट मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय पाहा. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये अकरा खाटांवर ते सुरू केले. आज तिथे निम्म्याहून अधिक रुग्ण फुकट किंवा अगदी नाममात्र दरात शस्त्रक्रिया करून घेतात आणि रोजचा खर्च पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून निघतो. यातली मेख सहसा कुणी सांगत नाही. पैसे भरणारा रुग्ण गरिबांवर उपकार करायला तिथे जात नाही. डोळे चांगले तपासतात, शस्त्रक्रिया चोख होते आणि बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडते म्हणून तो जातो. एका शस्त्रक्रियागृहात दोन टेबले असतात. एकावर डॉक्टर काम करत असताना दुसऱ्यावरचा रुग्ण तयार होत असतो. बाकी सगळी तयारी खेड्यांतून निवडून शिकवलेल्या मुली करतात. डॉक्टरचा मिनिटही वाया जात नसल्याने दर शस्त्रक्रियेमागचा खर्च उतरतो. डोळ्यात बसवायची भिंगे परदेशातून आणणे परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये त्यांनी ‘ऑरोलॅब’ हा स्वतःचा कारखाना काढला आणि भिंगाची किंमत कितीतरी पटींनी खाली आणली. कारखाना निघाला तो शस्त्रक्रियेच्या गरजेतून. तिथे कुणी मेणबत्त्या विकत बसले नाही.

पण अरविंदचे उदाहरण सगळ्यांना लागू पडते असे समजणे धोक्याचे आहे. मोतीबिंदू श्रीमंतालाही होतो आणि गरिबालाही. शस्त्रक्रिया तीच, वीस मिनिटांची, आणि गुण दुसऱ्या दिवशी दिसतो. एकाच्या पैशातून दुसऱ्याचा खर्च काढता येतो तो यामुळे. मेळघाटातल्या कुपोषित बाळाचा आजार श्रीमंताच्या घरी नसतोच. त्याचा खर्च कुणाच्या बिलात घालणार?

आपल्याकडचे मला सर्वांत शिकण्यासारखे वाटणारे उदाहरण पुण्याचे आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांची ही कामगार संघटना होती; मागणी होती ओळखपत्राची, पोलिसांनी चोर म्हणून हटकू नये याची, मुलांच्या शिक्षणाची. यात कसलाही उद्योग नव्हता. पण हाच कचरा शहराचा प्रश्न होता आणि तो वेगळा करायचे कौशल्य याच बायकांकडे होते. त्यातून ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. दोघी-दोघींनी काहीशे घरे वाटून घ्यायची, दारातून ओला-सुका कचरा वेगवेगळा उचलायचा, घरागणिक महिन्याचे शुल्क घ्यायचे आणि सुक्यातले विकण्याजोगे भंगार स्वतः विकायचे. महापालिका त्यांना पगार देत नाही. ढकलगाड्या, हातमोजे, देखरेखीचा खर्च देते आणि वस्त्यांमधल्या घरांच्या शुल्काला हातभार लावते. तीन हजारांहून अधिक वेचक यात आहेत.

आता अर्जातला रकाना घेऊन या संस्थेकडे गेलो तर काय लिहायचे? महापालिकेचा पैसा घेते, म्हणजे स्वावलंबी नाही? माझ्या मते ती पुरेपूर स्वावलंबी आहे. कचरा करणाऱ्याने तो उचलण्याचे पैसे भरावेत आणि शहर स्वच्छ राहण्याचा वाटा शहराने उचलावा, यात खैरात कुठे आली? महापालिका ठेकेदाराला पैसे देते तेव्हा त्याला कुणी परावलंबी म्हणत नाही. हे मात्र खरे, की गिऱ्हाईक सरकार असले की धाकधूक संपत नाही. पहिला करार २०१३ मध्ये संपला आणि पुढचा दीर्घ करार हाती यायला २०१६ उजाडले. २०२० नंतर पुन्हा तात्पुरत्या मुदतवाढी सुरू झाल्या. दर वेळी कुठल्यातरी ठेकेदाराच्या गाड्या दाराशी उभ्याच असतात.

इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. पंचायत आणि ‘स्वच्छ’ या दोन वेगळ्या संस्था आहेत. एक रस्त्यावर उतरून भांडते, दुसरी करार करून सेवा देते. दोन्ही कामे एकाच नोंदणीखाली असती, तर करार वाचवण्यासाठी मोर्चा रद्द करायचा मोह कुणालाही झाला असता. म्हसवडच्या ‘माणदेशी’ या बायकांसाठीच्या संस्थेनेही वेगळ्या कारणाने असेच केले. १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने सुरू झालेली महिला सहकारी बँक बँकेच्या नियमांनी चालते, तर प्रशिक्षणाचे काम फाउंडेशन देणग्यांवर करते. बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. त्यांनी साक्षरतेचे वर्ग भरवले आणि अधिकाऱ्यांसमोर तोंडी व्याज काढून दाखवले, हा किस्सा आता सगळ्यांना पाठ आहे. दोन वह्या वेगळ्या ठेवायचा निर्णय तेवढाच मोलाचा आहे, फक्त त्याचा किस्सा होत नाही.

वह्या एकत्र झाल्या आणि त्यातली एक फार वेगाने भरू लागली की काय होते, ते आंध्र प्रदेशात दिसले. गरिबांना कर्ज देण्यासाठी सेवाभावी संस्था म्हणून सुरू झालेल्या एसकेएसची पुढे वित्त कंपनी झाली. २०१० च्या ऑगस्टमध्ये तिचे समभाग बाजारात आले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्यांनंतर राज्य सरकारला सूक्ष्मकर्जांवर वटहुकूम काढावा लागला. दोष एका कंपनीचा नव्हता, सगळे क्षेत्रच धावत सुटले होते. गुंतवणूकदाराला परतावा हवा असतो आणि तो कर्जदार बाईच्याच हप्त्यातून यायचा असतो.

महाराष्ट्रात स्वावलंबनाची परंपरा जुनी आहे, असे भाषणांत नेहमी ऐकू येते. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयत शिक्षण संस्थेचे वाक्य मग हटकून येते. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी काय केले ते नीट पाहायला हवे. वसतिगृहातल्या मुलांनी शेतात राबावे, स्वयंपाक करावा, कमवावे आणि शिकावे, हे त्यांनी घडवले. १९१९ मध्ये स्थापन झालेली संस्था मात्र त्यांनी लोकांकडून धान्य, पैसा, जमीन मागून वाढवली आणि सरकारी अनुदानही घेतले. विद्यार्थी मिंधा राहू नये हा त्यांचा आग्रह होता. संस्थेचा ताळेबंद बाहेरच्या पैशाशिवाय जुळला पाहिजे, असे त्यांनी कधी मानले नाही. आज आपण नेमके उलटे करतो. संस्थेची स्वयंपूर्णता मोजतो, लाभार्थ्याची विचारत नाही.

लिज्जत पापडाचा दाखलाही असाच अर्धवट दिला जातो. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही असे पहिल्यापासून ठरवले. फारच थोर काम. पण ती सेवाभावी संस्था नव्हती, राबणाऱ्या बायकांचा स्वतःचा धंदा होता. पापड खपले, बायकांनी वाटून घेतले. त्यातून शाळा किंवा दवाखाना चालवायचे ओझे त्यावर नव्हते. ‘लिज्जतसारखे करा ना काहीतरी’ असे विश्वस्तांच्या बैठकीत म्हणणाऱ्याला हा फरक दिसत नाही. (असे म्हणणारा एक तरी विश्वस्त प्रत्येक संस्थेत असतो.)

शिवाय बाजार सगळ्यांना सारखा वागवत नाही. आनंदवनात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या लोकांनी खडकाळ जमिनीतून भाजी काढली, तेव्हा सुरुवातीला वरोऱ्याच्या बाजारात ती घ्यायला लोक धजावत नव्हते. भाजीत खोट नव्हती. आधी लोकांच्या मनातली भीती घालवावी लागली, गल्ला त्यानंतर आला. ती भीती घालवण्याच्या कामाचे बिल कुणाला पाठवणार?

अत्याचारग्रस्त दलित कुटुंबाला कोर्टात उभे करणारी, वीटभट्टीवरच्या मजुरांची सुटका करणारी, बेघर मनोरुग्णांना रस्त्यावरून उचलून नेणारी, माहितीच्या अधिकारात ग्रामपंचायतीचे हिशेब काढणारी अशा सगळ्या संस्था या बिल पाठवता न येणाऱ्या कामात मोडतात. ज्याच्याविरुद्ध लढायचे त्याच्याकडूनच पैसे मिळवण्याची वेळ त्यांच्यावर आणू नये. देणगीवर जगणे यात कमीपणा नाही. समाजाला ते काम हवे असेल तर समाजाने ते दर वर्षी पोसावे.

ज्यांच्या कामातून खरोखर उद्योग निघू शकतो, त्यांची वाट तरी मोकळी आहे का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही. हेतू चांगलाच आहे, विश्वस्तांनी मिळकत गहाण टाकून संस्था बुडवू नये हा. पण आंब्याचा गर काढून डबाबंद करणाऱ्या संस्थेला पैसा हवा असतो एप्रिल-मेमध्ये, आणि माल विकून तो परत येतो दिवाळीपर्यंत. खेळत्या भांडवलासाठी ती धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत अर्ज करून बसली तर हंगाम निघून जातो. मग कुणीतरी विश्वस्त घरचे पैसे घालतो, किंवा शेतकऱ्याला ‘पुढच्या महिन्यात देतो’ सांगितले जाते. पुढच्या वर्षी तो शेतकरी आंबा व्यापाऱ्याला घालतो.

आयकराची गोष्ट आणखी गमतीची. शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य, पर्यावरण रक्षण अशी काही उद्दिष्टे कायद्याने नावानिशी मान्य केली आहेत. त्यापलीकडे ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ या सदरात मोडणाऱ्या संस्थेच्या व्यापारी स्वरूपाच्या कामांची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे गेली, तर त्या वर्षाची करसवलत हातची जाते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा आणखी ठळक केली. देणगीदार म्हणतो कमवा, करखाते म्हणते फार कमवू नका. बरे, वेगळी कंपनी काढून व्यापार तिकडे न्यावा, तर विश्वस्त निधी कुठे गुंतवायचा याची ठरावीक यादी आहे आणि स्वतःच काढलेल्या खासगी कंपनीचे भागभांडवल त्यात बसत नाही. सनदी लेखापाल हे सगळे सांगतो आणि शेवटी म्हणतो, ‘कशाला भानगडीत पडता?’

अशा संस्थांना निधी उभारता यावा म्हणून काढलेल्या सामाजिक शेअर बाजाराने हे सुटेल अशी आशा २०१९ च्या अर्थसंकल्पापासून दाखवली जात होती. तो २०२३ मध्ये प्रत्यक्ष सुरू झाला. तिथे सेवाभावी संस्थेला जो रोखा विकता येतो, त्यावर व्याज नाही आणि मुद्दलही परत नाही. म्हणजे ती पारदर्शक हिशेबासह दिलेली देणगीच झाली. हे वाईट नाही. पण धंदा उभारायला लागणारे, वाट पाहणारे भांडवल ते नव्हे.

असे भांडवल आपल्या पूर्वजांना सुचले होते. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागायची कल्पना काढली, टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तो मुलांना काचकाम शिकवणारी शाळाही होता. देणाऱ्यांना लाभांश नको होता आणि तीन वर्षांनी अहवालही नको होता. बांगलादेशातल्या ब्रॅक या सेवाभावी संस्थेचे आजचे उद्योग पाहून आपण तोंडात बोट घालतो, पण ती संस्था १९७२ ची. ग्रामीण कारागिरांच्या मालासाठी ‘आरोंग’ हे दुकान १९७८ मध्ये आले. आणि कर्ज काढून गाय घेतलेल्या बायकांच्या दुधाला बाजार नाही हे पाहून दुग्धालय आले ते १९९८ मध्ये. या सगळ्या काळात परदेशी मदत चालू होती.

मला तीन गोष्टी व्हाव्याशा वाटतात. हंगामी खेळत्या भांडवलाचे कर्ज संस्थेच्या वार्षिक जमेच्या ठरावीक हिश्श्यापर्यंत असेल, तर धर्मादाय आयुक्तांना नुसते कळवणे पुरेसे मानावे. जमीन किंवा इमारत गहाण पडणार असेल तिथे मंजुरीची अट राहू द्यावी. पालिका, सरकारी रुग्णालये आणि मोठ्या कंपन्यांनी दिवाळीचा स्टॉल द्यायचे सोडून आपली रोजची खरेदी उघडी करावी. उपाहारगृहाचा नाश्ता, रुग्णालयाच्या चादरी धुणे, कचेरीतला सुका कचरा ही वर्षभराची गिऱ्हाइकी आहे, आणि तिथे माल वाईट निघाला तर नाकारायचा हक्कही ठेवावा.

तिसरी गोष्ट मुदतीची. सीएसआरच्या नियमांत चालू प्रकल्पाची कमाल मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षे धरली आहे. उद्योग उभारणाऱ्या संस्थांसाठी ती सात करावी. तोवर कंपन्यांना एवढे करता येईल: नवा प्रकल्प, नवे नाव, नवे उद्घाटन यांचा हव्यास सोडून त्याच संस्थेला दुसऱ्यांदा मदत द्यावी, पहिली दोन वर्षे विक्रीचा आकडा मागू नये, आणि हिशेबनीस व विक्री सांभाळणारा माणूस यांचे पूर्ण पगार त्या रकमेतून होऊ द्यावेत. आज या दोन पगारांवरच सर्वांत आधी लाल रेघ पडते.